फासे, वाशीचं टेक्नेशियम आणि वळवाचा पाऊस: अर्धायुष्यकालाचा हिशेब

"अर्धायुष्यकाल ८ दिवस, म्हणजे १६ दिवसांत सगळं संपलं." किरणोत्सारितेच्या पहिल्या तासाला निम्मा वर्ग हेच उत्तर देतो. यात मुलांचा दोष कमी आहे. "निम्मं" हा शब्द ऐकला की डोक्यात भाकरी येते: अर्धी आत्ता खाल्ली, अर्धी संध्याकाळी, टोपली रिकामी. अणुकेंद्रकं तशी संपत नाहीत. ८ दिवसांनी निम्मी उरतात, १६ दिवसांनी पाव, २४ दिवसांनी आठवा हिस्सा. अकरावीच्या महाराष्ट्र बोर्डाच्या रसायनशास्त्रात तेरावा धडा यावरच आहे, आणि त्यातली सूत्रं पाठ करून मार्कही मिळतात. पण सूत्र कशाबद्दल बोलतंय हे कळायला काहीतरी मोजावं लागतं.

ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याने हा विषय नुसता पुस्तकात वाचावा हेही जरा गमतीचंच. ट्रॉम्बेला १९८५ पासून ध्रुव अणुभट्टी आहे. खाडी ओलांडली की वाशीत ब्रिटचं, म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजीचं संकुल आहे. पुढे खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र. पाऊस तर सगळ्यांच्याच दारात पडतो, आणि त्याचाही या धड्याशी संबंध आहे. तो शेवटी सांगतो.

आधी फासे. लुडोचे साधे १०० फासे घ्या, पातेल्यात खळखळवा, परातीत ओता. ज्यांवर ६ पडलं ते "फुटले", त्यांना बाजूला काढा, उरलेले मोजून लिहा, परत ओता. सरासरीने उरणारे फासे असे येतात: १००, ८३, ६९, ५८, ४८, ४०, ३३. तुमचे आकडे अगदी असे येणार नाहीत आणि येऊही नयेत. चौथ्या फेकीनंतर ४८ ची अपेक्षा असली तरी तीनांपैकी दोन वेळा उत्तर ४३ ते ५३ च्या मध्ये कुठेतरी पडेल. एखाद्या गटाचे आकडे सहाही फेकींना तंतोतंत जुळले, तर त्यांनी फासे टाकलेच नाहीत असं खुशाल समजावं.

आता इथे एक बारीक खड्डा आहे आणि त्यात चांगले चांगले पडतात. अर्धायुष्यकाल म्हणजे ०.६९३ भागिले लॅम्डा, आणि लॅम्डा म्हणजे क्षय किती वेगाने होतो ते सांगणारा स्थिरांक. एका फेकीत फुटण्याची शक्यता एक षष्ठांश, म्हणून लॅम्डा ०.१६७ धरलं, तर अर्धायुष्यकाल ४.१६ फेका येतो. प्रत्यक्ष आलेख मात्र ३.८ दाखवतो. चूक फाशांची नाही. सूत्र अखंड वाहणाऱ्या काळासाठी आहे आणि आपण काळाचे ठोकळे पाडले आहेत. दर फेकीला पाच षष्ठांश उरतात, तेव्हा खरं लॅम्डा म्हणजे पाच षष्ठांशाच्या नैसर्गिक लॉगॅरिदमची उणे किंमत, ०.१८२३. त्याने ०.६९३ ला भागा, ३.८ येईल. खऱ्या अणुकेंद्रकाची एका सेकंदात फुटण्याची शक्यता इतकी क्षुल्लक असते की तिथे हा फरक दिसतच नाही. म्हणून पुस्तक त्याबद्दल गप्प बसतं, आणि फाशांचा प्रयोग करणारा गोंधळतो.

शेवटचा फासा फुटायला किती फेका लागतात हेही बघा. १०० फाशांना सरासरी २९ च्या आसपास लागतात, पण कधी २० त आटोपतं तर कधी ४० वर जातं. "पूर्ण नष्ट व्हायला किती वेळ लागेल" हा प्रश्न म्हणूनच नीट विचारलेला प्रश्न नव्हे. फाशाला आठवण नसते. वीस फेका टिकलेला फासा एकविसाव्या फेकीला जास्त "पिकलेला" नसतो. अणूचंही तेच. साडेचार अब्ज वर्षं टिकलेलं युरेनियमचं केंद्रक पुढच्या सेकंदात फुटण्याची शक्यता तिळभरही वाढलेली नसते. म्हातारा अणू अशी चीजच नाही. अर्धायुष्यकाल हा गर्दीचा गुण आहे, एकट्याचा नाही.

फाशांऐवजी चिंचोक्याच्या फोडी घेतल्या तर प्रयोग आणखी रंगतो. एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी वर पडण्याची शक्यता निम्मी असेल असं वाटतं, पण पाठ फुगीर असल्यामुळे ती निम्मी येईलच असं नाही. किती ते आलेखावरूनच काढायचं. माझ्या मते फाशांपेक्षा हा प्रयोग सरस, कारण इथे उत्तर आधी कुणालाच ठाऊक नसतं. आलेख सेमी-लॉग कागदावर (ज्याची उभी बाजू लॉगॅरिदमने आखलेली असते) काढा. रेषा सरळ आली पाहिजे. शेवटी पाच-सहा फोडी उरल्या की ती वेडीवाकडी उडू लागते. ते टोक रेषा बसवताना धरू नका.

केंद्रकांच्या विघटनाची समीकरणं जुळवण्यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. वरचा आकडा (वस्तुमानांक) वरच्यांशी, खालचा (अणुअंक) खालच्यांशी. केंद्रकातून अल्फा कण गेला की वस्तुमानांक ४ ने आणि अणुअंक २ ने कमी. बीटा गेला की वस्तुमानांक तोच, अणुअंक १ ने जास्त, कारण केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन झालेला असतो. गॅमा गेला की दोन्ही आकडे जसेच्या तसे. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न: युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ होईपर्यंत किती अल्फा, किती बीटा? नेहमी अल्फापासून सुरुवात करा, कारण वस्तुमानांक फक्त तोच हलवतो. २३८ वजा २०६ म्हणजे ३२, भागिले ४, आठ अल्फा. आठ अल्फांनी अणुअंक १६ ने उतरला, ९२ चे ७६ झाले. शिशाचा ८२, म्हणजे सहा बीटांनी तो वर चढवला. थोरियम-२३२ पासून शिसे-२०८ पर्यंत याच रीतीने सहा अल्फा, चार बीटा येतात. बीटापासून सुरुवात केली की दोन अज्ञातांत अडकायला होतं.

तापवलं, गोठवलं, आम्लात विरघळवलं, संयुग बदललं तरी अर्धायुष्यकाल हलत नाही, हे पुस्तकातलं वाक्य व्यवहारात खरं आहे. बेरिलियम-७ सारखी केंद्रकं कवचातला इलेक्ट्रॉन गिळून बदलतात, त्यांच्यात संयुगाप्रमाणे जेमतेम टक्काभर फरक पडू शकतो. पेपरात लिहायची ही गोष्ट नव्हे, माहीत असलेली बरी.

यापुढची गोष्ट मात्र मुलांच्या डोक्यात पक्की बसवावी लागते: वस्तुमान आणि ॲक्टिव्हिटी यांचं नातं. ॲक्टिव्हिटी म्हणजे लॅम्डा गुणिले अणूंची संख्या. १ क्युरी म्हणजे सेकंदाला ३७ अब्ज विघटनं. आता १ क्युरी टेक्नेशियम-९९एम चं वजन काढू (एम म्हणजे मेटास्टेबल, जादा ऊर्जा धरून बसलेलं टेक्नेशियम-९९ चं केंद्रक). अर्धायुष्यकाल ६.०१ तास, म्हणजे २१,६३६ सेकंद. ०.६९३ ला त्याने भागलं की लॅम्डा ०.००००३२ प्रतिसेकंद. ३७ अब्जांना या लॅम्डाने भागा: अणू आले १.१६ गुणिले १० चा १५ वा घात. त्याला ९९ ने गुणून ॲव्होगॅड्रो अंकाने भागलं की ०.१९ मायक्रोग्रॅम. डोळ्याला दिसणारही नाही. हीच रीत कोबाल्ट-६० ला लावली, ५.२७ वर्षं धरून, तर ०.८८ मिलिग्रॅम. रेडियम-२२६ चं सुमारे १ ग्रॅम. आणि युरेनियम-२३८ चं? जवळपास ३ टन. विघटनं तितकीच, पण एकीकडे न दिसणारा कण आणि दुसरीकडे टेम्पोभर धातू. "अब्जावधी वर्षं टिकतं म्हणजे फार भयंकर" असं म्हणणाऱ्याला हा हिशेब करायला लावावा. जो हळूहळू फुटतो तो त्या क्षणाला कमी फुटतो. सगळ्यात त्रासाचे असतात ते मधले: माणसाच्या आयुष्याच्या मापाचे, जसं ३० वर्षांचं सिझियम-१३७.

या हिशेबातली सर्वसाधारण चूक एककाची. अर्धायुष्यकाल तासांत ठेवून लॅम्डा काढायचं आणि ॲक्टिव्हिटी सेकंदांत मागायची. उत्तर ३,६०० पटीने चुकतं, आणि घातांकांच्या गर्दीत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता वाशी. इथून देशभरच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागांना किरणोत्सारी औषधं जातात, आणि त्या विभागांचं रोजचं काम ज्यावर चालतं ते टेक्नेशियम-९९एम. सहा तासांत निम्मं होणारी वस्तू साठवून ठेवता येत नाही. म्हणून रुग्णालयाला पाठवतात ती तिची आई: मॉलिब्डेनम-९९, अर्धायुष्यकाल ६६ तास. शिशाच्या जाड भांड्यात अॅल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) छोटा स्तंभ असतो आणि त्यावर मॉलिब्डेट चिकटवलेलं असतं. मॉलिब्डेनमने बीटा टाकला की टेक्नेशियम तयार होतं. मॉलिब्डेट आयनावर दोन ऋणभार, तो अॅल्युमिनाला घट्ट धरून बसतो. टेक्नेशियमच्या आयनावर, म्हणजे परटेक्नेटेटवर, एकच, त्याची पकड सैल. ०.९ टक्क्याचं सलाइन सोडलं की तो वाहून येतो, आई जागेवरच राहते. या भांड्याचं नाव जनरेटर, पण न्यूक्लिअर मेडिसिनवाले त्याला गाय म्हणतात आणि टेक्नेशियम काढण्याला दूध काढणं. आपल्याकडे सरळ धार काढणं म्हणावं, कारण हिशेबही गोठ्यातलाच आहे: धार काढल्यावर लगेच परत बसलात तर भांडं भरत नाही.

किती भरतं ते बघू. मॉलिब्डेनमच्या दर १०० विघटनांपैकी साधारण ८७ ते ८८ टेक्नेशियम-९९एम कडे जातात, बाकीची थेट टेक्नेशियम-९९ कडे. स्तंभ रिकामा केल्यापासून सुमारे २३ तासांनी टेक्नेशियम शिखराला पोचतं. निसर्गाने दवाखान्याच्या वेळापत्रकाची एवढी सोय क्वचितच केली असेल. समजा सोमवारी सकाळी ८ वाजता स्तंभावर ४०० मिलिक्युरी मॉलिब्डेनम आहे आणि धार काढली. दर २४ तासांनी ७७.७ टक्के उरतं, म्हणून मंगळवारी ३११, बुधवारी २४२, गुरुवारी १८८, शुक्रवारी १४६. मंगळवारी सकाळी स्तंभावर टेक्नेशियम असेल त्या ३११ च्या ०.८८५ पट, म्हणजे २७५ मिलिक्युरी. त्यातलं ८५ ते ९५ टक्के बाटलीत उतरतं. पण सोमवारीच दुपारी २ वाजता तातडीचा रुग्ण आला तर? सहा तासांत १६९ मिलिक्युरीपर्यंत भरलेलं असतं. हाडांच्या स्कॅनला माणशी २० मिलिक्युरी धरले तर बरेच रुग्ण निघतात. मात्र दुपारची ही धार काढली की मंगळवार सकाळसाठी घड्याळ दुपारी २ पासून नव्याने सुरू होतं, हे विसरायचं नाही.

गोष्टी बिघडतात त्या अशा. पहिला बिघाड म्हणजे आईच धारेबरोबर येणं. मॉलिब्डेनमचे गॅमा ७४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातले, टेक्नेशियमचे १४०. बाटली शिशाच्या डबीत ठेवून मोजली की टेक्नेशियमचे गॅमा अडतात आणि मॉलिब्डेनमचे आरपार येतात. त्यावरून भेसळ कळते. मर्यादा आहे दर मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी मॉलिब्डेनम. पण ही मर्यादा इंजेक्शन देतेवेळी पाळायची असते, धार काढतेवेळी नव्हे, आणि गुणोत्तर तासागणिक वाढत जातं, कारण टेक्नेशियम लवकर संपतं. सकाळी ८ ला ०.०५ आलं तर संध्याकाळी साडेसहापर्यंत ०.१५ होतं. सकाळीच ०.१० आलं तर दुपारी बाराच्या आतच ती बाटली निकामी. हे कोष्टक पाठ करायचं नसतं: दोन लॅम्डांची वजाबाकी ०.१०५ प्रतितास, बाकी सगळं त्यातून निघतं.

दुसरा बिघाड जास्त छुपा आहे. टेक्नेशियम-९९एम गॅमा टाकून टेक्नेशियम-९९ होतं, ज्याचा अर्धायुष्यकाल २ लाख ११ हजार वर्षं. किरणांच्या दृष्टीने ते जवळजवळ मुकं, पण रसायनाच्या दृष्टीने हुबेहूब तेच. शनिवार-रविवार जनरेटर पडून राहिला की हे मुकं टेक्नेशियम साठत जातं. २४ तासांनी काढलेल्या धारेत १०० टेक्नेशियम अणूंपैकी २८ कामाचे असतात, ७२ तासांनी काढलेल्या धारेत जेमतेम ८. टेक्नेशियमला औषधाशी जोडण्याजोगं करणारं किटमधलं स्टॅनस क्लोराइड मोजकंच असतं आणि ते दोघांत भेद करत नाही. मुक्या अणूंनीच ते खाऊन टाकलं तर कामाचं टेक्नेशियम औषधाला जोडलंच जात नाही, आणि स्कॅनमध्ये हाडांऐवजी थायरॉइड, पोट, लाळग्रंथी उजळतात. मीटरवर मिलिक्युरी बरोबर दिसत असतात, म्हणून चूक सापडत नाही. उपाय साधा आहे: सुट्टीनंतरची पहिली धार नाजूक किटसाठी वापरायची नाही. स्तंभ धुवायचा, आणि काही तासांनी दुसरी धार काढून ती वापरायची.

तिसरा बिघाड पाण्याचा. धार काढून झाल्यावर स्तंभात सलाइन राहिलं, तर किरणोत्सर्गाने पाणी फुटतं, त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन परटेक्नेटेटला खालच्या ऑक्सिडेशन अवस्थेत ओढतात आणि ते स्तंभालाच चिकटून बसतं. दुसऱ्या दिवशी धार पातळ. म्हणून सलाइन संपल्यावरही निर्वात बाटली थोडा वेळ तशीच लावून ठेवतात, हवा ओढली जाऊन स्तंभ कोरडा होतो. घाईत बाटली आधीच काढली की हिशेब बिघडला.

भारतात बराच काळ आणखी एक रीत चालली. नैसर्गिक मॉलिब्डेनमवर अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा केला की मॉलिब्डेनम-९८ चं ९९ होतं, पण नैसर्गिक धातूत ९८ जेमतेम २४ टक्के, आणि त्यातलेही मूठभर अणूच बदलतात. बाकीचा निष्क्रिय ढीग एवढा की छोट्या स्तंभात मावणार नाही. म्हणून सोडियम मॉलिब्डेटचं अल्कधर्मी द्रावण मिथाइल इथाइल किटोनबरोबर हलवायचं. टेक्नेशियम किटोनच्या थरात चढतं, तो थर वेगळा करून उडवायचा, उरलेलं सलाइनमध्ये घ्यायचं. स्वस्त रीत, पण हाताची. किटोनचा अंश मागे राहिला की किट रुसतं. शिवाय द्रावक ज्वालाग्राही आहे आणि माणूस स्रोताजवळ जास्त वेळ उभा राहतो. युरेनियमच्या विखंडनातून मिळणारं मॉलिब्डेनम जवळपास शुद्ध ९९ वालं असतं, म्हणून छोट्या स्तंभाचा जनरेटर त्यावरच चालतो.

पेट (PET) स्कॅनचं फ्लोरिन-१८ टेक्नेशियमहून उतावीळ. अर्धायुष्यकाल ११० मिनिटं, आई वगैरे काही नाही, थेट सायक्लोट्रॉन या कण वेगवान करणाऱ्या यंत्रातून. सकाळी ११ ला १० मिलिक्युरी टोचायचे असतील तर साडेआठला निघताना बाटलीत जवळपास २६ हवेत. गाडी घोडबंदर रोडला तासभर अडकली की त्या १० चे साडेसहा-सात होतात. ट्रॅफिकची किंमत इतकी अचूक दुसऱ्या कुठल्या धंद्यात निघत नसेल.

वाशीतच मसाल्यांवर किरणांचा मारा करणारा प्रकल्प आहे, एपीएमसीच्या मसाला बाजारापासून फार लांब नाही. हळद, मिरचीपूड, काळी मिरी यांतले जंतू मारायला साधारण ६ ते १४ किलोग्रे मात्रा लागते. स्रोत कोबाल्ट-६०, काम नसेल तेव्हा खोल पाण्याच्या टाकीत. कोबाल्ट दर महिन्याला सुमारे १ टक्का आणि वर्षाला १२.३ टक्के उतरतं. म्हणजे आज ज्या खोक्याला १० तास लागतात, त्याला वर्षाने ११.४ आणि पाच वर्षांनी १९.३ तास लागतील. नवीन कोबाल्ट भरत राहावं लागतं ते यासाठी. किरणं दिलेली हळद स्वतः किरणोत्सारी होत नाही. कोबाल्टचे गॅमा १.१७ आणि १.३३ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे. केंद्रकातून न्यूट्रॉन उपटायला अगदी सैल बेरिलियमलाही १.६७ लागतात, आणि आपल्या अन्नातल्या कार्बन-ऑक्सिजनला त्याच्या कित्येक पट. धक्काच अपुरा आहे.

आता पावसाकडे. घरी करता येईल असा, परवाना न लागणारा आणि खरोखर अर्धायुष्यकाल मोजून देणारा हा एकच प्रयोग मला मनापासून आवडतो. लागतो तो एक गायगर काउंटर. हौशी किटमध्ये बहुधा एसबीएम-२० ही धातूची किंवा जे-३०५ ही काचेची नळी असते. काचेची असेल तर काळ्या कागदात गुंडाळा, नाहीतर उजेडाने खोटे टिक पडतात. नळीवर ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, बंद केल्यावरही लगेच हात लावू नका.

जमिनीतलं युरेनियम रेडॉन वायू सोडतं. रेडॉनची पोरं म्हणजे पोलोनियम-२१८, शिसे-२१४, बिस्मथ-२१४. ती हवेतल्या धुळीला चिकटतात आणि पाऊस त्यांना खाली आणतो. शिसे-२१४ चा अर्धायुष्यकाल २७ मिनिटं, बिस्मथ-२१४ चा २०. उघड्यावर उभ्या गाडीचं बॉनेट पावसाच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर एकाच टिश्यूने पुसा, दाबून पाणी काढा, चार-पाच सेंटीमीटरची घडी करा, पातळ पिशवीत घालून नळीला टेकवा. पुसल्यापासून मोजायला सुरुवात होईपर्यंत पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका, दहा मिनिटांत पाचवा हिस्सा हातचा जातो. जाड घडी केली तर शिशाचे मऊ बीटा पाण्यातच अडतात.

कुठला पाऊस, हे महत्त्वाचं. जुलैतली संततधार बहुधा निराश करते: वारा अरबी समुद्रावरून आलेला, समुद्रातून रेडॉन जवळपास निघत नाही, आणि हवा आधीच धुतलेली. मे महिन्यातला वळवाचा पाऊस किंवा परतीचा ऑक्टोबरातला, जमिनीवरून आलेल्या हवेतला, दिवसभराच्या कोरडेपणानंतर कोसळणारा, तो धरा. आपला काळा बसाल्ट युरेनियमच्या बाबतीत ग्रॅनाइटपेक्षा गरीब, त्यामुळे परदेशी व्हिडिओंतले आकडे बघून हिरमुसू नका.

कोरडा टिश्यू ठेवून आधी २० मिनिटं पार्श्वभूमी मोजा. समजा ४०० टिक आले, म्हणजे पाच मिनिटांना १००. मग ओला टिश्यू ठेवून पाच-पाच मिनिटांचे टप्पे लिहा. समजा पहिल्या टप्प्यात ४०० आले आणि ३५ मिनिटांनी २५०. पार्श्वभूमी वजा न करता हिशेब केला तर अर्धायुष्यकाल ५२ मिनिटं येतो. वजा केली तर ३०० चे १५० झाले, ३५ मिनिटं. निम्म्याहून जास्त लोक इथेच चुकतात. आणि ३०० हा आकडाही २० इकडेतिकडे आहे हे शेजारी लिहून ठेवा.

३५ का, २७ किंवा २० का नाही? कारण शिसे मरत असताना बिस्मथला जन्म देत असतं. सुरुवातीचा तासभर दोघांची बेरीज दिसते, ती ३० ते ४० मिनिटांच्या मध्ये कुठेतरी पडते, आणि पुढे हळूहळू शिशाच्या २७ कडे सरकते. वाशीच्या गायीतली आई-लेक इथे टिश्यूवर आहेत, फक्त इथे लेक आईपेक्षा थोडीशीच अल्पायुषी.

पाऊस नसेल तर खताच्या दुकानातलं म्युरेट ऑफ पोटॅश आणा. त्यात निम्मं पोटॅशियम, आणि दर ग्रॅम पोटॅशियमला सेकंदाला सुमारे ३१ विघटनं, पोटॅशियम-४० मुळे. किलोभर पिशवीत १५,००० च्या वर. पण त्याचा अर्धायुष्यकाल सव्वा अब्ज वर्षांचा, आलेख आडवाच येईल. टिक वाढले का एवढंच बघायचं: १० मिनिटांत पार्श्वभूमी २०० असेल तर पिशवीसह २४० च्या वर गेल्याशिवाय "वाढले" म्हणू नका.

टिश्यू कचऱ्यात टाकायला हरकत नाही. समजा त्यात शिसे-२१४ ची सेकंदाला २० विघटनं होती. लॅम्डाने भागा, अणू भरले साधारण ४६,०००. दोन-तीन तासांत ते जवळजवळ सगळे शिसे-२१० होतात, ज्याचा अर्धायुष्यकाल २२ वर्षं. परत लॅम्डाने गुणा: त्या कचऱ्यातल्या टिश्यूत आता सहा तासांत एखादं विघटन.